फांदीवर गाणाऱ्या दयाळाचा फोटो नैसर्गिक प्रकाशात कसा घ्यावा?

कळंबेकर | १२ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या बाजूला आमचे घर आहे आणि परसात एक जुना शेवगा आहे. गेल्या महिनाभरापासून दयाळाचा एक नर रोज पहाटे या शेवग्याच्या शेंड्याजवळच्या वाळक्या फांदीवर येऊन बसतो आणि अर्धा-पाऊण तास मनसोक्त गातो. त्याचा एक तरी नीट फोटो घ्यावा म्हणून मी रोज उठतो आहे, परंतु अजून एकही मनासारखा आलेला नाही.

अडचण अशी आहे की फोटोत दयाळाचे डोके, छाती आणि पाठ हा सगळा भाग शाईचा डाग पडावा तसा काळाठिक्कर येतो, पोट मात्र कोऱ्या कागदासारखे पांढरे होऊन त्यातील पिसे दिसेनाशी होतात, आणि काळ्या चेहऱ्यात डोळा तर सापडतच नाही. प्रत्यक्षात त्या काळ्या रंगावर गर्द निळी झाक असते, ती मी दुर्बिणीतून रोज पाहतो. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि १००-४०० ची लेन्स आहे. फ्लॅश वापरण्याचा सल्ला एकाने दिला, पण आपल्याच नादात गाणाऱ्या पक्ष्याच्या तोंडावर उजेड फेकणे मला पटत नाही. केवळ सूर्यप्रकाशात हे साधणाऱ्यांनी आपण नेमके काय करता ते कृपया सविस्तर सांगावे.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १२ मार्च, रात्री १०.०५

आपण कुठे उभे राहता, तोंड कोणत्या दिशेला असते आणि वेळ कोणती, हे आधी सांगा. त्याशिवाय कोणालाच नीट उत्तर देता येणार नाही.

कळंबेकर | १२ मार्च, रात्री १०.२०

स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा राहतो. शेवगा तिथून पूर्वेला आहे. वेळ साधारण साडेसहा ते सव्वासात. एक्सपोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, कॅमेऱ्यावरच सोडलेले असते.

भौतिकीची_विद्यार्थिनी | १३ मार्च, सकाळी ७.५०

दादा, मग आपण पूर्वेच्या उजळ आभाळासमोर बसलेल्या काळ्या पक्ष्याचा फोटो घेत आहात. सूर्य त्याच्या पाठीमागे आहे आणि आपल्याला दिसते ती त्याची सावलीची बाजू. कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो, एक्सपोजर कमी करतो, आणि त्यात पक्षी आणखी काळवंडतो. बाजू बदलल्याशिवाय कोणतेही सेटिंग उपयोगी पडणार नाही. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडेल अशा जागी उभे राहा, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी आला.

वेळेचेही गणित आहे. कोल्हापूरच्या अक्षांशावर मार्चमध्ये सूर्य तासाला साधारण १४ अंश वर चढतो. म्हणजे उगवल्यानंतर दीड तासाने तो क्षितिजापासून २० अंशांच्या आसपास असतो, आणि तोवर त्याचा प्रकाश पक्ष्याच्या गळ्यावर, पोटावर आणि डोळ्यावर जवळजवळ समोरून पडतो. पुढे तो जसजसा वर जातो तसतशी पाठ भाजून निघते आणि पोट अंधारात जाते. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस तर आपल्याकडे भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. त्या दिवसांत साडेआठनंतर काढलेल्या फोटोंकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. डिसेंबरात मात्र ऐन दुपारीही सूर्य ५० अंशांच्या फारसा वर जात नाही, म्हणून हिवाळ्यात आपल्याला उशिरापर्यंत काम करता येते.

पन्हाळवारा | १३ मार्च, सकाळी ९.१५

सूर्य पाठीशीच हवा, हा नियम मला सरसकट मान्य नाही. पन्हाळ्यावर पावसाळा सरता सरता धुके विरळ होऊ लागते, तेव्हा मी मुद्दाम सूर्याकडे तोंड करून बुलबुलाचे फोटो घेतो. पिसांच्या कडा उजळतात, तुरा पेटल्यासारखा दिसतो, आणि गाताना चोचीतून निघालेली वाफसुद्धा एखाद्या गार सकाळी टिपता येते. समोरून पडणारा प्रकाश पक्षी ओळखायला चांगला असला तरी तो पुष्कळदा सपाट असतो.

दयाळाच्या काळ्यातली निळाई हवी असेल तर मात्र वरील सल्लाच बरोबर आहे. ती निळी झाक पिसांच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाची असते आणि पाहणाऱ्याच्या मागून उजेड आला तरच ती डोळ्यांत भरते. जांभळ्या शिंजिराचे तर याहून टोकाचे आहे. तोच नर एका क्षणी कोळशासारखा काळा दिसतो आणि मान दोन बोटे वळवली की जांभळा-हिरवा झळाळतो. अशा वेळी मी शटरवर बोट ठेवून केवळ मान वळण्याची वाट पाहतो.

शिवारफेरी | १३ मार्च, दुपारी २.३०

जागेचा प्रश्न सुटला की एक्सपोजरचा प्रश्न उरतो, आणि काळ्या-पांढऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तो खरोखर अवघड असतो. धोबी, चिरक, गप्पीदास आणि दयाळ या चार पक्ष्यांनी मला गेल्या काही वर्षांत जे शिकवले ते सांगते.

कॅमेऱ्याला समोर पक्षी आहे हे कळत असले तरी एक्सपोजर ठरवताना तो चौकटीतील उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. पक्षी चौकटीचा लहानसा भाग असतो, त्यामुळे निर्णय प्रत्यक्षात पार्श्वभूमी घेते. मागे गडद आंबा असला की कॅमेरा एक्सपोजर वाढवतो आणि दयाळाचे पोट जळते. मागे आभाळ असले की कमी करतो आणि डोके बुडते. पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जातो तेव्हा त्याच्यावरचे ऊन तेच असते, तरीही दोन फोटोंत दोन वेगळे पक्षी वाटावेत इतका फरक पडतो.

म्हणून उन्हातल्या पक्ष्यासाठी मी एक्सपोजर पूर्णपणे हाताने ठेवते. जागेवर पोचल्याबरोबर त्याच उन्हातील एखादी पांढरी वस्तू, म्हणजे चुन्याची भिंत किंवा दोरीवरचा पांढरा टॉवेल, चौकटीत घेते आणि पांढरा भाग हिस्टोग्रामच्या, म्हणजे कॅमेऱ्यातील उजेडाच्या आलेखाच्या, उजव्या कडेला टेकेल पण कापला जाणार नाही असे शटर (ते किती सेकंद उघडे राहील ते) ठरवते. सकाळी आठच्या स्वच्छ उन्हात एफ ६.३ (लेन्सच्या छिद्राचे माप) आणि आयएसओ ४०० (सेन्सरची संवेदनशीलता) असताना माझे शटर साधारण १/१२५० ते १/१६०० च्या दरम्यान येते. ते तिथेच ठेवून मग फक्त पक्ष्याकडे पाहायचे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तपासायचे, कारण सकाळचे ऊन झपाट्याने वाढत असते.

फोटो रॉ स्वरूपातच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, घ्यावेत. काळ्या भागातील तपशील नंतर बऱ्यापैकी वर आणता येतो, पण जळालेल्या पांढऱ्यात काहीच शिल्लक नसते. दयाळाच्या पोटावरची पिसे अगदी बारीक असतात, आणि छातीचा काळा भाग जिथे संपतो तिथे पांढऱ्याची सुरुवात सरळ रेषेत होत नाही, काळी पिसे पांढऱ्यात किंचित उतरलेली असतात. ही कड फोटोत दिसली की एक्सपोजर बरोबर आले असे मी समजते.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १३ मार्च, सायंकाळी ६.१०

शिवारफेरी ताई, टॉवेलची युक्ती उद्याच करून पाहतो. एक विचारायचे आहे. पक्षी दूरच्या फांदीवर असेल तर मोबाइलवर त्याचाच आवाज दहा-पंधरा सेकंद लावला की तो लगेच जवळ येतो, असे अनेकांकडून ऐकले आहे. चांगल्या उन्हातल्या फांदीवर त्याला आणण्यासाठी एवढे केले तर चालेल का?

दाजीपूरकर | १३ मार्च, रात्री ८.४५

कृपया करू नका, आणि विशेषतः या दिवसांत तर मुळीच करू नका. मार्च ते जुलै हा दयाळाचा विणीचा काळ आहे. तो जे गातो ते आपली हद्द राखण्यासाठी आणि मादीसाठी गातो. त्याच्याच हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज उमटला की त्याला घुसखोर आल्यासारखे वाटते. तो जवळ येतो हे खरे, पण तो भांडायला आलेला असतो.

चार वर्षांपूर्वी आमच्या एका सहलीत बरोबरच्या माणसाने शामा पक्ष्याचा आवाज लावला. आवाज बंद केल्यानंतरही तो पक्षी बराच वेळ एका झुडपातून दुसऱ्या झुडपात शेपटी झटकत फिरत राहिला, त्या काळात त्याने एकही किडा टिपला नाही. त्याचे फोटो आमच्या सर्वांकडे आहेत. त्यात पिसे अंगाला घट्ट चिकटलेली आहेत, मान ताणलेली आहे. आपल्या खुशीत गाणारा पक्षी पिसे थोडी सैल सोडून, गळा फुगवून बसतो. ज्याने दोन्ही पाहिले आहेत त्याला फोटोतला फरक लगेच कळतो. मी ते फोटो कधीही कोणाला दाखवलेले नाहीत.

आता जंगलातील प्रकाशाविषयी. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे, पण गच्च झाडीखाली जमिनीवर उतरणारा उन्हाचा कवडसा तळहाताएवढा असतो आणि तोही पाच-दहा मिनिटांत सरकतो. तिथे कवडशाच्या मागे लागू नये असे माझे मत आहे, कारण कवडशात आलेल्या पक्ष्याचे अर्धे अंग जळते आणि अर्धे बुडते. ढगाळ दिवस किंवा सरसकट सावली मी पसंत करतो. शीळकरी कस्तूर ओढ्यातल्या दगडावर येतो तेव्हा आयएसओ ३२०० करूनही शटर १/१२५ च्या पुढे जात नाही. अशा वेळी ज्वारी भरलेली कापडी पिशवी दगडावर ठेवून त्यावर लेन्स टेकवतो आणि तो दोन हालचालींच्या मध्ये क्षणभर थांबतो तेव्हा सलग चार-पाच फोटो घेतो. त्यातला एखादा स्वच्छ येतो.

झाडीखाली आणखी एक गोष्ट घडते. पानांतून गाळून आलेला उजेड पांढऱ्या पोटावर हिरवट छटा चढवतो. उलट जांभ्या दगडाच्या सड्यावर बसलेल्या पक्ष्याचे पोट तांबूस दिसते, कारण खालून लाल दगडाचा उजेड परततो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतील रंगांचा तोल, नंतर बदलता येतो, पण पाठीवर एक रंग आणि पोटावर दुसरा असेल तर एकाच बदलाने दोन्ही सुधारत नाहीत. म्हणून पक्ष्याच्या खाली आणि भोवती काय आहे ते आधी पाहावे.

राजारामपुरी_९वी_गल्ली | १३ मार्च, रात्री ९.०५

पटले. आवाज लावणार नाही.

जुना_स्टुडिओ | १४ मार्च, दुपारी १२.२०

दाजीपूरकरांनी शेवटी जे लिहिले आहे तोच माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे. मी पस्तीस वर्षे शहरात स्टुडिओ चालवला. पक्ष्यांचे फोटो निवृत्तीनंतर सुरू केले, पण प्रकाश माणसावर पडो की पक्ष्यावर, त्याची रीत एकच आहे.

ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा बनवला, त्या गावात आम्ही हा धंदा शिकलो. आमच्या गुरूंच्या जुन्या जागेत उत्तरेच्या बाजूला मोठी काचेची खिडकी होती, कारण उत्तरेकडून थेट ऊन फारसे येत नाही, दिवसभर मऊ उजेड येतो. गिऱ्हाईक बसले की एका बाजूला पांढरे कापड ताणलेली चौकट उभी करायची. सावलीच्या गालावर तिचा उजेड पडला की चेहरा बोलू लागे. पक्ष्यासमोर चौकट धरता येत नाही, पण गावात अशा चौकटी जागोजागी उभ्या आहेत. चुना लावलेली भिंत ही सर्वांत उत्तम चौकट आहे. वाळत घातलेले धोतर किंवा पांढरी चादर हीसुद्धा चौकटच आहे.

डोळ्याविषयी एक सांगतो. पक्ष्याचा डोळा हा गोल आरसा आहे. त्याच्यासमोर जे काही उजळ असेल त्याचे लहानसे प्रतिबिंब त्यात पडते, आणि त्यालाच आपण डोळ्यातील चमक म्हणतो. मी एकदा चिरकाचा फोटो मोठा करून पाहिला तर डोळ्याच्या वरच्या अर्ध्यात आभाळाची पट्टी, खालच्या अर्ध्यात उन्हातली भिंत आणि भिंतीत दाराचा काळा चौकोन दिसत होता. त्या दिवसापासून मी आधी स्वतःला विचारतो, की या फांदीवर बसल्यावर त्याला समोर काय दिसेल? समोर उजळ काही नसेल तर डोळा मेलेला येणार, हे ठरलेले आहे.

भौतिकीची_विद्यार्थिनी | १४ मार्च, सायंकाळी ५.३०

काका, डोळ्याचे निरीक्षण अतिशय सुंदर आहे. चादरीच्या बाबतीत मात्र थोडा मतभेद नोंदवते. परतणाऱ्या उजेडाचा परिणाम पक्ष्याच्या जागेवरून ते कापड किती मोठे दिसते यावर अवलंबून असतो. दोन मीटरवरची चादर चांगले काम करेल, पण दहा मीटरवरची तीच चादर पक्ष्याच्या नजरेतून जेमतेम वहीएवढी उरते आणि तिचा उजेड नगण्य होतो. जवळ नेली तर तिच्या फडफडण्याने पक्षी बिचकेल. त्यामुळे भिंत, अंगण, वाळू, पाण्याचा पृष्ठभाग अशा मोठ्या आणि स्थिर गोष्टींवरच भिस्त ठेवावी असे वाटते.

जुना_स्टुडिओ | १४ मार्च, रात्री ८.००

बरोबर आहे, मुली. स्टुडिओत आमची चौकट गिऱ्हाइकापासून हातभर अंतरावर असे, हे मी लिहायला विसरलो. चादर मागे घेतो, भिंत ठेवतो.

मंगळवार_पेठ | १५ मार्च, सकाळी १०.४०

माझ्याकडे कॅमेरा नाही, दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो घेतो. रोज रंकाळ्यावर फिरायला जातो. तिथे काही जमेल का?

शिवारफेरी | १५ मार्च, सकाळी ११.३०

नक्की जमेल. सकाळी पूर्वेच्या बांधाकडून पश्चिमेला, म्हणजे शालिनी पॅलेसच्या दिशेला तोंड करा, सूर्य आपोआप पाठीशी येतो. संध्याकाळी तिथूनच सूर्यास्त छान दिसतो, पण पक्षी काळे येतात. दुर्बीण कठड्यावर टेकवा, मोबाइलच्या पडद्यावर पक्ष्याच्या डोळ्याजवळ बोट ठेवून फोकस आणि उजेड दोन्ही अडकवून ठेवा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. ऊन तापल्यावर पाण्यावरून किंवा डांबरावरून दूरचा फोटो घेऊ नका, तापलेल्या हवेच्या लहरींमुळे तो कोणत्याही लेन्सने मऊच येतो.

कळंबेकरांसाठी आणखी एक मुद्दा राहिला होता. तुमच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीला, सहा मीटर अंतरावर, एफ ५.६ असताना स्पष्ट दिसणारी खोली सुमारे पाच सेंटिमीटर भरते. दयाळ चोचीपासून शेपटीपर्यंत वीस सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो आडवा बसला तर सगळा स्पष्ट येईल, तुमच्याकडे तोंड करून बसला तर डोळा किंवा शेपूट यातले एकच मिळेल. अशा वेळी फोकस डोळ्यावर ठेवावा. आणि गाणाऱ्या पक्ष्याची चोच, गळा सतत हलत असतात, म्हणून तो बसलेला असला तरी शटर १/५०० च्या खाली नेऊ नये.

दाजीपूरकर | १५ मार्च, दुपारी १.१५

१/५०० च्या मर्यादेशी पूर्ण सहमत नाही. दोन ताना संपल्यावर तो क्षणभर चोच मिटून मान तिरकी करतो आणि दुसऱ्या नराचे उत्तर ऐकतो. त्या क्षणी १/१६० लाही स्वच्छ फोटो मिळतो. त्यासाठी त्याचे गाणे आधी काही दिवस नुसते ऐकलेले असावे लागते.

कळंबेकर | ९ एप्रिल, रात्री ९.१०

मंडळी, जवळजवळ महिन्याने परत येत आहे. तुम्हा सर्वांच्या सूचना एकेक करून पाहिल्या, म्हणून उशीर झाला.

पहिले आठ-दहा दिवस मी कॅमेरा न घेता फक्त पाहिले. दयाळ उजाडण्यापूर्वीच गायला सुरुवात करतो, तेव्हा प्रकाश नसतोच. ऊन आल्यावर तो खाली उतरून परसात किडे टिपतो, आणि मग साडेसात-पावणेआठच्या सुमारास त्याच वाळक्या फांदीवर परत येऊन थोडा वेळ गातो. म्हणजे मी ज्या वेळी धडपडत होतो ती गाण्याची वेळ होती, प्रकाशाची वेळ नंतरची होती.

शेवग्याच्या पूर्वेला शेजारच्या काकूंची गच्ची आहे. त्यांची परवानगी घेऊन तिथल्या टाकीच्या आडोशाला बसू लागलो. सूर्य पाठीशी आला, फांदी जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवर आली आणि मागे आभाळाऐवजी दूरचा नारळ आला. काळ्यात निळाई पहिल्याच दिवशी दिसली. टॉवेलवर मोजून शटर १/१२५० ठेवले, पोटही वाचले. तरीसुद्धा गळ्याखालचा आणि पोटाचा खालचा भाग मळकट येत होता, आणि चमक डोळ्याच्या अगदी वरच्या कडेला एक टिंब एवढीच होती.

मार्चच्या अखेरीस काकूंनी दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी गच्चीला चुना मारून घेतला. दुसऱ्या दिवशी आठच्या सुमारास काढलेला फोटो मी संगणकावर उघडला आणि बराच वेळ पाहत बसलो. सगळी गच्चीच जुन्या स्टुडिओकाकांची चौकट झाली होती. खालून उजेड आल्यामुळे गळ्याच्या काळ्यातली पिसे सुटी सुटी दिसत आहेत, शिवारफेरी ताईंनी सांगितलेली काळ्या-पांढऱ्याची कड दिसते आहे, आणि डोळा मोठा करून पाहिला तर वर सूर्याचा ठिपका आणि खाली गच्चीचा पांढरा पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या टोकाला टाकी आणि तिच्याशेजारी एक काळी आकृती आहे, ती मी आहे. त्याने मला पाहिले होते आणि तरीही तो गात होता.

जुना_स्टुडिओ | ९ एप्रिल, रात्री ९.४५

फोटो मोठा करून भिंतीवर लावा. कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर ही निळाई दिव्याखाली हरवेल.

पन्हाळवारा | १० एप्रिल, सकाळी ८.२०

मनापासून अभिनंदन. आता एकदा मागच्या दारातून, सूर्याकडे तोंड करून, केवळ गळ्याच्या कडेचा उजेड धरून एक फोटो माझ्यासाठी घ्या.

कळंबेकर | १० एप्रिल, रात्री ८.३०

तो आता लगेच घेता येणार नाही. आज सकाळी मादी चोचीत वाळके गवत घेऊन मागच्या दाराशेजारच्या भिंतीतील भोकात शिरताना दिसली. पिल्ले उडेपर्यंत त्या बाजूला कॅमेरा घेऊन जाणार नाही, दारही शक्यतो बंद ठेवतो आहोत. शेंगा उतरल्यावर शेवगा छाटायचा होता, तेही पावसाळ्यानंतर करू असे घरी ठरले आहे, आणि तेव्हाही ती वाळकी फांदी ठेवायची आहे.

गच्चीवरून नराचे फोटो घेत राहीन. अधूनमधून मादीही त्या फांदीवर येऊन बसते. नर जिथे काळा तिथे ती करडी असते. तिच्यासाठी शटर वेगळे ठेवावे का?

शिवारफेरी | १० एप्रिल, रात्री ९.००

नाही, ऊन तेच असेल तर शटरही तेच. तिचे पोटही पांढरेच आहे.